कांद्याची फळी

फळी पडल्याचा आवाज आला तेव्हा जागेवरकाका बाहेरच्या खोलीत रेडिओचं मागचं झाकण उघडून बसले होते. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन ते धावले आणि सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. काकू ओट्याला धरून एका पायावर उभ्या होत्या. पाव कापायची जाडजूड फळी त्यांच्या अंगठ्यावर आदळून जमिनीवर पालथी पडली होती.

"लागलं का गं?"

"छे हो," काकू वाकून फळी उलटसुलट करून बघत म्हणाल्या. "एक कपचासुद्धा उडाला नाही."

"अगं, फळीचं कोण विचारतंय? तुझा पाय दाखव!"

अंगठा तोवर काळानिळा झाला होता.

तसं ते स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं आत शिरली तर एकाने श्वास सोडल्याशिवाय दुसऱ्याला घेता येऊ नये, एवढंच. त्यात ओटा, शेगडी, मोरी, पाण्याचा फिल्टर, डबे आणि काकूंच्या चार फळ्या. एक कांद्या-लसणाची, एक फळांची, एक मासळीची आणि ही पावाची. एकीचं काम दुसरीवर करायची कुणाची छाती नव्हती. मात्र या फळ्या राहायच्या कुठे, तर एक कशाच्या तरी मागे, एक कशाच्या तरी वर, एक कुठल्याशा फटीत. काकांच्या लेखी ती जागा नव्हती, तो अपघात होता. काकू मात्र न बघता हात मागे टाकायच्या आणि हवी तीच फळी हातात यायची.

काका आयुष्यभर एका कारखान्यात हत्यारांच्या खोलीचे स्टोअरकीपर होते. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर प्रत्येक पान्याचा, हातोडीचा, कानसीचा आकार रंगवलेला असे आणि ते हत्यार त्याच आकारावर टांगलेलं असे. कुणी पाना टेबलावर टाकून निघाला, की काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "जागेवर." बस, एवढंच. पोरांनी मग त्यांचं नावच ते पाडलं. ते दिसले की एकमेकांना कोपरखळ्या मारत म्हणायची, "सरळ उभा राहा रे, जागेवरकाका आले, तुझा आकार काढतील." काका हसण्यावारी न्यायचे. मनातून त्यांना ते आवडायचंही.

लग्न नवं होतं तेव्हा ही शिस्त त्यांनी घरात आणून पाहिली होती. एका सुट्टीच्या दिवशी काकू बाजारात गेल्या असताना सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. काकूंनी आल्यावर पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "तिकडे तुमचं राज्य, इकडे माझं," त्या म्हणाल्या. "माझं मीठ मला सापडतंय ना? मग झालं तर." काकांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून ते दारापर्यंत जात, ताट घेत, आणि ओट्यावर काय चाललंय हे न बघता परत फिरत. संसार सुखाचा झाला, यात या गोष्टीचाही वाटा होता.

पण आता काकूंचं डोकं साथ देईना. मुलीचं घर कोणत्या रस्त्यावर, हे आठवेना. वार आठवेना. त्यांची आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती, तरी "आई जेवली का?" असं विचारायच्या. सुरुवातीला काकांनी खरं सांगितलं. दर वेळी त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. मग काका म्हणायला लागले, "जेवली, झोपलीये." खोटं बोलायची सवय त्यांना म्हातारपणी लागली.

एक गोष्ट मात्र शाबूत होती. सकाळी ओट्यासमोर उभ्या राहिल्या की काकू पुन्हा पहिल्यासारख्या होत. कांदा हातात, हात मागे, फळी पुढे, सुरी चालू. चिरताना गुणगुणायच्यासुद्धा. काका बाहेरच्या खोलीत बसून तो सुरीचा टकटक आवाज ऐकायचे आणि त्यांना वाटायचं, आहे, अजून आपली बायको घरात आहे.

म्हणून तर अंगठा सुजलेला बघून ते घाबरले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की वस्तू डोळ्यांसमोर ठेवा, ठसठशीत खुणा करा, अडगळ काढा. तेव्हा काकांना ते नुसतं ऐकायला बरं वाटलं होतं. आता मात्र त्यांच्या डोक्यात उजेड पडला. वस्तू समोर, खुणा ठसठशीत, अडगळ नाही. अहो, हेच तर आपलं काम! जन्मभर ज्यासाठी लोकांनी टिंगल केली, तेच आता तिच्या उपयोगी पडणार होतं.

मुलगी आईचा पाय बरा होईस्तोवर तिला स्वतःकडे घेऊन गेली आणि काकांनी कानाला लावलेला खडा काढून फेकून दिला.

सगळं स्वयंपाकघर त्यांनी कवेत धरून बाहेर आणलं आणि टेबलावर, पलंगावर, जमिनीवर ओतलं. कोणती वस्तू कुठून निघाली हे बघायची त्यांना गरजच वाटली नाही. खिडकीशेजारची भिंत घासली, पांढरी केली. तिच्यावर चार फळ्यांसाठी लाकडी खाचा बसवल्या आणि प्रत्येक खाचेमागे त्या फळीचा आकार निळ्या रंगात काढला. हात अजून थरथरत नव्हता, कडा अगदी कापल्यासारख्या सरळ आल्या. मग त्यांनी फळ्या हातात घेतल्या. काय अवतार झाला होता! सुऱ्यांच्या रेघा, डाग, मधे खळगे, कडा काळ्या. काकांनी रंधा लावला, मग जाड पॉलिशपेपर, मग बारीक, आणि शेवटी तेलाचा हात. चारही फळ्या लख्ख, गुळगुळीत, दुकानातून आत्ता आणल्यासारख्या झाल्या. खाली भुकटीचा ढीग पडला होता तो त्यांनी सुपलीत भरून टाकून दिला. काम करताना ते शीळ घालत होते. निवृत्त झाल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

मुलगी आईला सोडायला आली आणि दारातच थबकली. "बाबा! हे तुम्ही केलंत? एखाद्या मासिकात फोटो यावा असं झालंय!"

"आईला विचार," काका म्हणाले. त्यांचं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे होतं.

काकू हसल्या. "छान आहे हो. उजेड किती आहे!"

मुलगी खूश होऊन गेली. काकाही खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेडिओ बंद करून, कान देऊन बसले.

टकटक आली नाही. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. काकूंच्या डाव्या हातात सोललेला कांदा होता. उजवा हात त्यांनी मागे टाकला. तो भिंतीला लागला. पुन्हा टाकला. पुन्हा भिंत. तळहात भिंतीवरून वर गेला, खाली गेला, फटीत शिरला, रिकामा बाहेर आला. चार फळ्या त्यांच्या नाकासमोर, निळ्या आकारांवर, एखाद्या दुकानासारख्या मांडलेल्या होत्या. काकूंची नजर त्यांच्यावरून गेली आणि पुढे गेली.

"अगं, ही काय समोर," काका आत शिरून म्हणाले. "ही घे. कांद्याची."

काकूंनी फळी घेतली. तळवा तिच्यावरून फिरवला, जिथे खळगा असायचा तिथे बोटं थांबली. "ही माझी नाही," त्या म्हणाल्या आणि फळी त्यांना परत दिली.

"तुझीच आहे. साफ केलीये फक्त."

"नाही हो. कुणाची तरी आणलीत. देऊन या."

सवय होईल, असं काका स्वतःला समजावत राहिले. कारखान्यात नव्या पोरांनाही आठवडाभर लागायचाच की. रोज सकाळी ते काकूंचा हात धरून त्या निळ्या आकारांवर टेकवायचे. "ही कांद्याची. ही फळांची. बघ, किती सोपं." काकू शहाण्या मुलीसारखी मान हलवायच्या. हात सोडला, की तो पुन्हा मागच्या भिंतीकडे जायचा, चाचपडायचा आणि लाज वाटल्यासारखा परत यायचा. एक दिवस त्या कांदा तसाच हातात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो टेबलावर ठेवला. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. सकाळी उठून केस विंचरायच्या, पर्स मांडीवर घ्यायच्या आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायच्या.

"निघायचं ना?" त्या विचारायच्या.

"कुठे?"

"घरी. उशीर झाला बराच. या लोकांना तरी किती त्रास द्यायचा?"

तेव्हा काकांना कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिच्या डोक्यातून घर केव्हाच निघून गेलं होतं, ते फक्त तिच्या हातात उरलं होतं, आणि काकांनी ते रंध्याने तासून, वर तेल लावून काढून टाकलं होतं. ते न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले.

त्याच दुपारी त्यांनी खाचा उखडल्या. निळे आकार खरवडून काढले. सगळं होतं तसं करायचं त्यांनी ठरवलं, आणि हातात चार फळ्या घेऊन ओट्यासमोर उभे राहिले. होतं तसं म्हणजे कसं?

एक फिल्टरच्या मागे असायची. कोणती? एक मोरीच्या वर, की डब्यांच्या मागे? ज्या माणसाला कारखान्यातली बारकीतली बारकी कानस डोळे मिटून सांगता यायची, त्याला आपल्या बायकोच्या चार फळ्यांच्या जागा सांगता येईनात. इतकी वर्षं तिने चिरलेलं खाल्लं आणि ती कशावर, कुठून काढून चिरते हे कधी मान वळवून पाहिलं नाही. रोज 'ही कांद्याची' म्हणत होते, तेही अंदाजानेच. त्यांनी फळ्या नाकाला लावल्या. एखादीला तरी कांद्याचा वास असेल. चारींना नुसता तेलाचा वास येत होता.

त्यांनी मुलीला फोन लावला.

"अगं, आईची कांद्याची फळी कुठे असायची?"

"फळी? बाबा, तुम्ही तर एवढं छान..."

"ते जाऊ दे. आधी कुठे असायची?"

मुलगी आठवू लागली. "फिल्टरच्या मागे... नाही, ती फळांची असेल. मी हात लावला की ओरडायची ती. मला नाही आठवत, बाबा. मी पण कधी... आईला विचारून बघा ना."

काकांनी अंदाजपंचे फळ्या ठेवल्या. एक फिल्टरमागे, एक मोरीवर, एक डब्यांवर, पावाची शेगडीशेजारी उभी. मग बाहेर येऊन, जमेल तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "अगं, जरा येतेस का? कांदा चिरायचाय."

काकू पर्स घेऊनच आत आल्या. काकांनी सोललेला कांदा त्यांच्या हातात दिला, बाजूला सरकून उभे राहिले आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तो ज्या बाजूला जाईल तिथे फळी ठेवायची, उद्या पुन्हा बघायचं, परवा पुन्हा. हातच सांगेल. जन्मभर पाहिलं नाही, ते आता बघू.

हात किंचित उचलला गेला. मधेच थांबला. मग खाली येऊन कांद्यावर विसावला.

"फळी कुठे ठेवता तुम्ही?" काकूंनी विचारलं. दुसऱ्याच्या घरी मदत करायला उठलेली बाई विचारते, अगदी तसं.

काकांनी चारही फळ्या गोळा केल्या आणि त्यांच्यासमोर ओट्यावर मांडल्या. "यातली कांद्याची कोणती? तूच सांग. तुला माहितीये."

"वेगळी ठेवता? बरोबर आहे. नाहीतर सफरचंदाला वास लागतो." काकूंनी चारींकडे कौतुकाने पाहिलं. "छान आहेत. नव्या घेतल्या वाटतं? पण तुमच्या घरातलं मला कसं ठाऊक असणार? घरात बाई असतील ना, त्यांना विचारा. त्या लगेच सांगतील."

"हो," काका म्हणाले. "विचारतो."

"बाहेर गेल्यात का?"

काकांनी नुसती मान हलवली.

"मग येतीलच," काकू मायेने म्हणाल्या. "मी थांबते तोवर."

त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय जुळवून बसल्या आणि दाराकडे बघू लागल्या. काकांनी हाताला आली ती फळी पुढे ओढली, तिच्यावर कांदा ठेवला आणि सुरी घेतली.