फुकट, पण योग्य माणसालाच

ओळखीचे सगळे त्याला ‘हौशी’ म्हणायचे. सुरुवातीला कौतुकानं म्हणत, पुढे पुढे नुसतंच म्हणायला लागले, आणि या दोन्हींतला फरक त्याला कळत नव्हता असं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौशीच्या हौसेला मोल नसेल, पण आकारमान भरपूर होतं, आणि ते सगळं घराच्या मागच्या खोलीत कोंबलेलं होतं.

तिथे एक ट्रेडमिल होती. तिच्यावर हौशीपेक्षा ओले टॉवेल जास्त काळ राहिले होते. एक दुर्बीण होती, तारे बघायची. ती गेली कित्येक वर्षं समोरच्या भिंतीचा पोपडा बघत उभी होती. माशांची काचेची टाकी होती. मासे वारले, टाकी उरली. मातीची भांडी घडवायचं विजेवरचं चाक होतं आणि त्यावर घडलेला एकमेव वाडगा होता, जो ठेवला की आपणहून कलंडायचा. चित्रकलेची घोडी होती, तिच्यावर अर्धवट रंगवलेला घोडा होता, आणि येणारेजाणारे त्याला सोफा समजायचे. कोपऱ्यात गिटार होती. तिच्याविषयी हौशी फारसं बोलत नसे.

ही खोली आता ताईला हवी होती.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई गेली तेव्हा हौशी शाळेत होता, आणि तेव्हापासून त्याचे डबे भरणं, शर्टाची बटणं लावणं, प्रगतिपुस्तकावर सही करून वर दोन धपाटे घालणं हे सगळं तिनंच केलं. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात एकटी मजेत राहिली. मग जिन्यात पाय घसरला. खुब्याचं हाड जुळलं, हातात काठी आली, पण डॉक्टरांनी जिने कायमचे बंद केले. तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. हौशीचं घर तळमजल्यावर. प्रश्न उरलाच नाही, असं हौशीला वाटलं.

“तू काळजी करू नकोस,” तो हॉस्पिटलमध्ये तिला म्हणाला होता. “मागची खोली रिकामी झाली की नेतो तुला.” हे त्यानं इतक्या रुबाबात सांगितलं की शेजारच्या खाटेवरच्या बाईलासुद्धा धीर आला.

घोडं अडलं ते खोली रिकामी होण्यात, आणि तोवर ताईला खुर्चीत बसवून पुन्हा तिच्याच तिसऱ्या मजल्यावर चढवावं लागलं.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. गावाबाहेर जुन्या वस्तूंचं संकलन केंद्र होतं. गाडी भरायची, तिथे जायचं, धड असेल ते एकीकडे, मोडकं असेल ते दुसरीकडे ठेवायचं आणि घरी यायचं. “एका सकाळचं काम आहे,” ती म्हणाली.

“असं कुणाच्याही हाती कसं द्यायचं? या वस्तूंना मी जीव लावलाय.”

“जीव? धूळ लावलीये तुम्ही.”

पण हौशीनं नोकरीची सगळी वर्षं विमा कचेरीत काढली होती. लोकांच्या जळालेल्या, भिजलेल्या सामानाचे दावे तपासायचे, माणसाला समोर बसवून प्रश्न विचारायचे आणि तो खरं बोलतोय की नाही ते ठरवायचं, हेच त्याचं काम. निवृत्त झाला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यानं वस्तीच्या ग्रुपवर सगळ्या सामानाचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, ‘फुकट, पण योग्य माणसालाच. प्रत्यक्ष भेटीनंतर निर्णय.’

माणसं आली. फुकट म्हटल्यावर येणारच.

ट्रेडमिलसाठी एक बाई आली. सासूबाईंना घरातल्या घरात चालायला हवी होती. “किती वेगानं चालतात?” हौशीनं विचारलं. “हळू,” बाई म्हणाली. हौशीनं मान हलवली. इतकं ताकदीचं यंत्र हळू चालण्यासाठी द्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्यावर आपण स्वतः किती धावलो हा प्रश्न त्याच्या मनात आला, पण दावा तपासणाऱ्यानं स्वतःला प्रश्न विचारायचे नसतात. “विचार करून कळवतो,” तो म्हणाला.

दुर्बिणीसाठी एक निवृत्त पोस्टमन आला. त्याला पक्षी बघायचे होते.

“ही ताऱ्यांसाठी आहे.”

“बरं. तुम्ही कोणकोणते तारे बघितले?”

“त्या दिवसांत ढग फार होते,” हौशी म्हणाला, आणि पोस्टमनलाही विचार करून कळवायचं ठरलं.

टाकीत रोपं लावू म्हणणाऱ्या जोडप्याला त्यानं टाकीच्या स्वभावाविषयी बरंच काही सांगितलं. ते दोघं सभ्य होते, चहा पिऊन गेले.

मग गिटारसाठी एक मुलगी आली. कॉलेजातली असावी. तिनं खुंट्या पिळल्या, कान लावला, आणि दोन मिनिटांत त्या गिटारमधून असं काही निघालं की स्वयंपाकघरातून बायको हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. इतकी वर्षं हौशी सगळ्यांना सांगत होता की गिटारच खराब निघाली, दुकानदारानं फसवलं. आता गिटारनं भर घरात साक्ष दिली. त्यानं मुलीला सांगितलं की आणखी एकजण रांगेत आहे. रांगेत कुणी नव्हतं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, “अहो, तुम्ही सामान काढताय की मुलीसाठी स्थळं बघताय? मुलाकडचेसुद्धा एवढं विचारत नाहीत.”

“सुस्थळी पडावं एवढीच इच्छा आहे.”

“पडेल, पडेल. तोवर ताई जिन्यात पडतील.”

हे त्याला लागलं, पण लागलेलं दाखवायची त्याला सवय नव्हती. तो खोलीत गेला आणि वाडगा सरळ करून ठेवला. वाडगा कलंडला.

भाड्याचं घर शनिवारी सोडते असं ताईनं मालकाला कळवून टाकलं होतं. आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, फळ्यावर लिहिता लिहिता बोलावा तसा.

“मी एका वृद्धनिवासात हो म्हणून सांगितलंय. जागा चांगली आहे, बाग आहे. तुझी खोली राहू दे. सामान काढणं सोपं नसतं, मला माहीत आहे.”

“अगं, झालंच आहे जवळजवळ. योग्य माणसं मिळत नव्हती, म्हणून...”

“असू दे रे. मला राग नाही आला,” ती म्हणाली, आणि खरंच आला नव्हता. त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

फोन ठेवून हौशी ट्रेडमिलवर बसला. तिचा एवढा उपयोग प्रथमच झाला. ताईला काय वाटलं असेल ते उघड होतं: भावाच्या मनात नाही, म्हणून खोली रिकामी होत नाही. हे खोटं आहे असं त्याला ठणकावून सांगायचं होतं, पण समोर दावा तपासायला तो स्वतःच बसला होता, आणि तो काही साधासुधा तपासनीस नव्हता. ताई नको होती असं नाही. पण ताई घरात आली की तो पुन्हा धाकटा होणार होता, कान धरला जाणारा, आणि या वयात ते नको वाटत होतं. शिवाय हे सामान गेलं की धावणारा, चित्रं काढणारा, तारे बघणारा जो कुणी माणूस त्यात दडलाय असं तो समजत होता, तोही जाणार होता. मागे उरणार होता विमा कचेरीतला एक निवृत्त माणूस. त्या माणसासाठी त्यानं आपल्या बहिणीला बाहेर ताटकळत ठेवलं होतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी त्यानं नाकारलेल्या सगळ्यांना फोन केले. वरातीमागून घोडं, तशातली गत. सासूबाई आता बागेत चालत होत्या. जोडप्यानं बादल्यांत रोपं लावली होती. गिटारवाल्या मुलीला मैत्रिणीनं जुनी गिटार दिली होती, प्रश्न न विचारता. एकटा पोस्टमन आला, दुर्बीण काखेत मारली आणि जाताना म्हणाला, “ढग असले तरी पक्षी दिसतात.”

शनिवारी सकाळी शेजारच्या प्लंबरनं आपला टेम्पो दिला आणि चालवायला स्वतःही आला. केंद्रावर रांग होती. गेटवरचा माणूस प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारत होता: काय आहे, आणि चालू आहे का. हौशीनं ट्रेडमिलची पूर्वपीठिका सांगायला घेतली तेव्हा तो म्हणाला, “काका, चालू आहे का?” लावून बघितली तर पट्टा हलेना. ट्रेडमिल लोखंडात गेली. चाक आणि टाकी वापरण्याजोग्या वस्तूंच्या शेडमध्ये, सुकलेले रंग वेगळ्या पिंपात, घोडी लाकडात. घोड्याच्या चित्राकडे बघून तो माणूस म्हणाला, “सोफ्याचं चित्र छान आहे, पण कॅनव्हास इथे घेत नाही.” वाडगा हौशीनं स्वतःच मोडक्या वस्तूंत टाकला. गिटार शेडमध्ये टेकवताना त्यानं एकदा तार छेडली. मुलीनं लावलेला सूर अजून तसाच होता. कोण नेईल असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि तो बाजूला झाला.

तिथून, घोड्याचं चित्र सोडता रिकामा, टेम्पो त्यानं थेट ताईच्या घरी न्यायला लावला. तीन मजले चढताना त्याला ट्रेडमिलची फार आठवण आली.

ताईचं घर पार मोकळं झालं होतं. कपाट, पलंग, भांडी, सगळं तिनं इमारतीतल्या ज्याला जे हवं त्याला देऊन टाकलं होतं. उरलेल्या एका खुर्चीवर ती बसली होती, शेजारी दोन पिशव्या, हातात काठी.

“खोली रिकामी झाली,” तो धापा टाकत म्हणाला.

“बरं झालं. हवा येईल.”

“चल ना मग.”

“कुठे? दुपारी त्या लोकांची गाडी येणार आहे. मी हो म्हटलंय.”

“पण मी आधीच म्हणालो होतो, नेतो म्हणून.”

“नेतो म्हणालास. नेतात ते कपाट. येशील का, असं तू मला विचारलंच नाहीस.”

हौशी दारातच उभा राहिला. सबंध वस्तीला त्यानं खोदून खोदून प्रश्न विचारले होते. हा एक तेवढा राहून गेला होता.

“ताई, माझ्याकडे राहायला येशील?” तो म्हणाला. “मला तू हवी आहेस.” असलं काही त्यानं याआधी तिला कधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे वाक्य जरा वाकडंच बाहेर पडलं.

ताईनं विचारलं, “बाथरूममध्ये धरायला दांडी आहे?”

“नाही. आज बसेल.”

“तू बसवणार?”

“नाही, प्लंबर. खाली टेम्पोत बसलाय.”

“मग ठीक आहे. तुझ्या बायकोला विचारलंस?”

“मला पहाटेच घरातून तिनंच पिटाळलं. ती खोली पुसत बसलीये.”

“मी लवकर उठते. रेडिओ लावते. चुकलास तर चुकलास म्हणते.”

“म्हण.”

आपण पास व्हावं असं त्याला कुठल्याच परीक्षेत इतकं वाटलं नव्हतं. त्याच्या दाराशी येऊन गेलेल्या माणसांनाही असंच वाटलं असेल, हे त्याला आता, इतक्या उशिरा समजलं.

ताई खिडकीबाहेर बघत होती. “आणि सहा महिन्यांनी कंटाळा आला तर?” ती म्हणाली. “तुझं कशातच फार दिवस मन टिकत नाही. मग मला कुठे नेऊन टाकशील?” हे तिनं हसत विचारलं, पण काठीवरची तिची पकड घट्ट झाली होती.

“त्या केंद्रावर माणसं घेत नाहीत. विचारून आलोय,” हौशी म्हणाला.

ताई हसली नाही. त्याचा विनोद नेहमीच त्याला वेळेवर वाचवायचा. आज नाही वाचवलं. तो पुढे होऊन तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला.

“मी हौस म्हणून नेत नाहीये तुला,” तो म्हणाला. “माझं मन टिकत नाही हे खरं आहे. माझा भरवसा काय धरणार तू. पण मला एक सांग, इतकी वर्षं तू मला सांभाळलंस, तुला माझा कधी कंटाळा नाही आला?”

“रोज यायचा,” ताई म्हणाली.

“मग काय करायचीस?”

“काय करणार. सकाळी उठून डबा भरायचे.” तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि टपलीही मारली. “तो फोन दे इकडे. त्यांची गाडी निघायच्या आत कळवायला हवं.”