वाटूर फाट्यावर मंगळ उतरला

जुलै १९९७ च्या दुसऱ्या मंगळवारी वाटूर फाट्यावर सकाळी नऊलाच उभं राहायला जागा नव्हती. लिंबाखाली पाटावर मंगळगिरी महाराज बसले होते. समोर भुजंगरावांची मुलगी नंदा, दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीनं माखलेले.

महाराजांकडे वर्तमानपत्राचं कात्रण होतं. चार दिवसांपूर्वी अमेरिकेचं यान मंगळावर पोचलं होतं. आत माणूस नव्हता, सव्वादोन फुटांची सहाचाकी गाडी होती. फोटोत तांबडी माती आणि दगड. वर ठळक मथळा : यान मंगळावर उतरले. महाराजांनी त्यातला एकच शब्द उचलला.

"अमेरिकेला उतरवायला सात महिने लागले," ते म्हणाले. "मी पाच मिनिटांत उतरवतो. त्यांनी नुसती गाडी उतरवली, मी अख्खा मंगळ उतरवतो."

नंदाच्या पत्रिकेत मंगळ होता. तेवढ्यावरून तीन स्थळं परत गेली होती. चौथं तीर्थपुरीचं. मुलाला नंदा पसंत होती, तिलाही तो. पण मुलाचे वडील तातेराव अडून बसले होते की मंगळ डोळ्यांदेखत उतरला तरच सुपारी फुटेल. ते पहिल्या रांगेत होते.

महाराजांनी पुटपुटत कळशीतलं पाणी नंदाच्या हातांवर सोडलं. पिवळे हात लाल झाले, परातीत लाल पाणी साचलं. महाराजांनी कात्रण शेजारी धरलं. लोकांनी हात जोडले. नंदाची आई द्वारकाबाई रडू लागली.

तेव्हा देवानंद सर पुढे आले. नंदाला दहावीपर्यंत विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी उरलेली हळद स्वतःच्या हाताला फासली आणि हॉटेलातून मागवलेलं साधं पाणी ओतलं. हात पिवळाच राहिला. मग महाराजांच्या कळशीतलं ओतलं. हात लाल झाला. शेवटी भुजंगरावांच्या चंचीतली चुन्याची डबी घेऊन हळदीत बोटभर चुना कालवला. तोच लाल रंग.

"कळशीत चुन्याची निवळी हाय," सर म्हणाले.

मागून गर्दीतली पुष्पाबाई म्हणाली, "अवो, कुंकू असंच करतेत की."

गर्दी हसली. महाराजांनी कळशी तिथंच टाकली आणि परतूरची बस धरली.

सरांनी कात्रण उचललं. मंगळावरची माती गंजलेल्या लोखंडामुळं लाल दिसते, त्यांनी सांगितलं. तिथली हवा श्वास घेण्याजोगी नाही, रात्रीची थंडी माणूस मारील, म्हणून गाडी पाठवली. "ती दगड तपासून राह्यली. नंदाचं नाव तिला कुठं सापडलं न्हाई."

तातेराव उठले. त्यांनी सरांचे आभार मानले, फसलो असतो म्हणाले. मग टोपी नीट करत भुजंगरावांकडे वळले.

"मंग मंगळ उतरलाच न्हाई म्हणायचा."

सर त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेले. जसा महाराज खोटा तसाच पत्रिकेतला मंगळ खोटा, हे परोपरीनं सांगितलं. तातेराव थांबून ऐकत होते, हे खरं.

"महाराज खोटा, ते बराबर," ते म्हणाले. "पण मंगळाचा तर फोटोच छापून आलाय, सर. त्याला खोटं कसं म्हणू?"

तातेरावांची जीप तीर्थपुरीकडे गेली. गर्दी पांगली.

नंदा हापशावर हात धूत होती. द्वारकाबाई दांडा हापसत होती आणि रंग जात नव्हता. सर जवळ आले. नंदानं विचारलं, मंगळ किती लांब आहे. आज एकोणीस कोटी किलोमीटरच्या वर, त्यांनी सांगितलं.

"इतक्या लांबून त्यानं मला वळखलं म्हणे," नंदा म्हणाली, "अन् तातेरावांनी हातभर अंतरावरून न्हाई वळखलं."

मग ती तळहाताकडं बघत राहिली. "आई, राहू दे. कुंकूच हाय ते."

द्वारकाबाईचा हात दांड्यावरच थांबला.

सप्टेंबरच्या अखेरीस त्या यानाकडून येणारे संदेश थांबले. तोवर गाडीनं जवळ गेल्याशिवाय एकाही दगडात काय आहे ते कळवलं नव्हतं. चिमूटभर हळद आणि बोटभर चुना कुणाच्याही घरात असतो. कालवून बघा. महाराज त्यानं उघडा पडेल. पण तेवढ्यावर थांबू नका. घरातली पत्रिका काढा आणि तिलाही तसंच, पुराव्यानिशी विचारा. त्या सकाळी वाटूर फाट्यावर हे दुसरं काम नुसतं तोंडी झालं, पुराव्यानं करायचं राहून गेलं. त्याची किंमत नंदानं दिली.