नीलकुंतलची बाटली

माझा लेबलवर विश्वास आहे. महाडच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला आहे. म्हणजे पिंपावर जे लिहिलंय तेच पिंपात आहे का, हे बघून मी सही करतो. मग पिंप पुढे जातं आणि मी पुढच्या पिंपाकडे वळतो. घरी आल्यावरही सवय जात नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय मी बिस्किट खात नाही. शकू म्हणायची, "अहो, लग्नात माझी तारीख बघितली होती का?" मी म्हणायचो, पत्रिका बघितली होती. ती हसायची. निदान मला तसं वाटायचं. ती बहुतेक माझ्या पाठीमागे उभी असायची.

शकू म्हणजे माझी बायको. आठ वर्षांपूर्वी केसांच्या डायने तिचं कपाळ सुजलं, डोळे मिटले, आठवडाभर खाज. डाय मीच निवडला होता, खोक्यावरचे घटक वाचून. डॉक्टर म्हणाले, डाय बंद करा. शकूने डाय बंद केला आणि त्याबरोबर शाम्पू, फेसवॉश, क्रीम, पावडर, सगळंच बंद केलं. डॉक्टरांनी एवढं सांगितलं नव्हतं. मग बाथरूममध्ये डबे आले. बेसन, मसुरीचं पीठ, शिकेकाई, वाटीत भिजवलेले रिठे. एकदा त्या रिठ्याच्या पाण्याला मी सार समजलो आणि घोट घेतला. दोन दिवस तोंड उघडलं की फेस येईल अशी धास्ती होती. "तू बाथरूमचं स्वयंपाकघर केलंस," मी म्हणालो. "पीत तुम्ही गेलात," ती म्हणाली.

तिने माझ्यासाठीही तेल केलं होतं. रविवारी सकाळी मागच्या पडवीत मी पाटावर बसायचो आणि ती माझ्या डोक्याला तेल चोळायची, ही लग्नापासूनची पद्धत. त्या रविवारी ती स्टीलच्या वाटीत काळपट हिरवं काहीतरी घेऊन आली.

"हे काय?"

"तेल. घरचं."

"बॅच नंबर कुठाय? एक्स्पायरी?"

तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही," ती म्हणाली.

"मग नको. मला आपलं नीलकुंतलच बरं."

पुढच्या रविवारी नीलकुंतलची निळी बाटली आली. तिने बोटं फिरवली आणि मी डोळे मिटून म्हणालो, "हा बघ वास! याला म्हणतात फॉर्म्युलेशन. कंपनी ती कंपनी." ती "हं" म्हणाली.

त्या वासाला मला अजून नाव देता येत नाही. कापरासारखा, पण कापूर नव्हे. पावसाने ओल्या झालेल्या बांधासारखा, पण चिखल नव्हे. तेलाचा हात डोक्यावरून मानेवर यायचा आणि शकू बोलत असायची. आमच्या मुलीच्या, साक्षीच्या अभ्यासाचं, शेजाऱ्यांच्या भिंतीचं, तिला काय वाटलं, तिला काय नको वाटलं. आमच्या संसारातली बहुतेक बोलणी माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला झाली. मी मधूनमधून हुंकार द्यायचो. दोन हजार एकवीसच्या पुरात आमचा फ्रिज गेला, सोफा गेला, माझ्या पदवीचं सर्टिफिकेट गेलं. वरच्या फळीवरची नीलकुंतलची बाटली राहिली. त्यानंतरच्या रविवारीही मी पाटावर होतो.

गेल्या जुलैत साक्षीच्या बाळंतपणासाठी शकू डोंबिवलीला गेली. तीन महिन्यांसाठी. जाताना बाटली काठोकाठ भरलेली होती. मला वाटलं, नवी आणून ठेवली. बाळ झालं, बारसं झालं, बाळ बसायला लागलं, मग रांगायला. तीन महिन्यांचे चौदा झाले. "साक्षीची नोकरी आहे ना," शकू फोनवर म्हणायची. मग "जेवलात?" मग "ठेवते." परत कधी येणार, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, ही त्यातली भीती होती.

घरात मी नीट राहत होतो. डबा लावला होता. संध्याकाळी टीव्ही मोठ्या आवाजात लावायचो, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं घरात माणसं आहेत. रविवारी स्वतःच थोडं तेल लावायचो. जपून. ते डोक्याला लागलं की घर पूर्वीसारखं व्हायचं, साधारण वीस मिनिटं.

भाद्रपदात बाटली संपली. बाजारपेठेतून नवी आणली. तेच निळं प्लास्टिक, तीच लांब केसांची बाई. झाकण उघडलं आणि हॉटेलच्या बाथरूममधला वास आला. दुकान बदललं. दुसरी बाटली, तोच वास. मी शकूला फोन लावला.

"कंपनीने तेल बदललंय."

पलीकडे बाळाचा आवाज येत होता.

"हो का?" शकू म्हणाली.

"पूर्वीचा वासच नाही. फसवणूक आहे सरळ."

"मग तक्रार करा. तुम्हाला छान जमतं ते."

मी केली. दोन पानी मेल लिहिला. ग्राहकाच्या आठ वर्षांच्या निष्ठेचा उल्लेख केला, फॉर्म्युलेशनमधल्या बदलाची पूर्वसूचना न दिल्याबद्दल निषेध नोंदवला आणि पुरावा म्हणून जुन्या बाटलीच्या तळाचा फोटो जोडला. चार दिवसांनी एका मुलीचा फोन आला. फार गोड बोलत होती.

"सर, आमच्या तेलात काहीच बदल नाही झालेला. तुम्ही जो फोटो पाठवला ना, त्यातली बॅच मार्च दोन हजार सतराची आहे."

"बरोबर."

"सर, दोनशे मिलीची बाटली आहे. ती तेव्हाच संपली असेल ना?" ती थांबली. तिला कोणी असं शिकवलेलं नसावं, पण तिने विचारलंच. "इतकी वर्षं कशी पुरली, सर?"

मी फोन ठेवला आणि बाटली उलटी करून तळ वाचला. मार्च सतरा. वापराचा काळ तीन वर्षं. माझ्या टेबलावर असं पिंप आलं असतं तर मी लाल शिक्का मारला असता. दर रविवारी ती बाटली माझ्या उजव्या हाताला, फरशीवर ठेवलेली असायची. आठ वर्षं एक बाटली संपत नाही आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मी झाकणात बोट घालून वास घेतला. तो तिथे होता. तळाला जास्वंदीच्या पाकळीचा काळा पडलेला तुकडा चिकटला होता.

दर दिवाळीआधी शकू दोन दिवस माहेरी, उमरठला जायची आणि पिशवी भरून परत यायची. पिशवीत काय असतं हे मी विचारलं नव्हतं. तिचे आईवडील गेले, चुलती आहे, साळूबाई. पुढच्या रविवारी मी पोलादपूरची एसटी धरली, तिथून रिक्षा केली आणि बाटली पिशवीत घालून सासुरवाडीला गेलो. शकूशिवाय मी तिथे पहिल्यांदाच जात होतो.

साळूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत. केस कमरेपर्यंत आणि निम्मे काळे. त्यांनी मला अंगणातल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि घोटाघोटाला माझ्याकडे पाहिलं.

"जावयबापू, एकलंच?"

"एकटाच. एक विचारायचं होतं." मी बाटली काढली.

त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, आणि मोठ्यांदा हसल्या. शेजारच्या घरात हाक गेली. "आगो आनंदे, ये गो! शकूची बाटली आली, जावई घेऊन आलाय!"

आनंदीबाई ओले हात पुसत आल्या. दोघींनी बाटली आळीपाळीने पाहिली.

"दर साल यायची ही माझ्याकडं भरायला," साळूबाई म्हणाल्या. "मी म्हणलं, गो, आमची बाटली ने की चांगली, काचेची. तर म्हणती कशी, नको काकी, ह्यातच घाल. आमच्या सायबाला वर कायतरी लिवलेलं लागतं."

दोघी पुन्हा हसल्या. मीही हसलो. जावयाने अशा वेळी हसायचं असतं.

त्यांच्या ओसरीवर फळी होती. मुंबईला राहणाऱ्या मुलांनी, सुनांनी, भाच्यांनी गेली वीस वर्षं आणून टाकलेल्या सगळ्या बाटल्या तिथे होत्या. दारूच्या बाटलीत कोकमाचं आगळ, माउथवॉशच्या बाटलीत रॉकेल, टॉनिकच्या बाटलीत मध. एकीवरही जे लिहिलंय ते आत नव्हतं. आणि त्या घरात कोणीही कधी मधाऐवजी रॉकेल घेतलं नव्हतं. माझ्या खात्याच्या दृष्टीने ती फळी म्हणजे गुन्हा होता.

"मग आता भरून द्या," मी म्हणालो. "शकू नाही, तर मीच न्यायला आलोय."

"तिनं नेलं की शिमग्याला," साळूबाई म्हणाल्या.

"कोणी?"

"शकूनं. शिमग्याला आली व्हती ना. दोन दिस ऱ्हायली. पालखी बघितली, तेल केलं, पोरीला आन् बाळाला लावाया नेलं." मग त्या थांबल्या. "तुमास्नी म्हाईत नाय?"

"आहे की," मी म्हणालो. "मीच म्हटलं जाऊन ये."

आनंदीबाईंना एकदम घरातलं काहीतरी आठवलं आणि त्या गेल्या.

डोंबिवलीहून पोलादपूरला येणारी गाडी महाडच्या स्टँडवर थांबते. दहा मिनिटं. चहा प्यायला ड्रायव्हर उतरतो. जाताना दहा आणि येताना दहा. स्टँडपासून आमचं घर चालत बारा मिनिटांवर आहे. मी हे सगळं त्या लाल खुर्चीवर बसून, हाताखाली चाचणीला आलेल्या नमुन्यासारखं नीट तपासलं. चूक सापडली नाही.

"तयार नाय आता माझ्याकडं," साळूबाई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "पन बांधावर माका हाय, जास्वंद हाय, कापूरकचरी हाय घरात. करून देते. बसा तुमी."

"मी करतो. तुम्ही सांगा."

"शोभतं का? जावयानं चुलीशी बसायचं नाय. गाव काय म्हनंल?"

"गावाने माझी बाटली बघितली, आता राहिलं काय?"

त्यांनी चूल पेटवली. पण पाटावर बसू देईनात. जावयाला खुर्ची लागते. शेवटी लाल खुर्ची चुलीपाशी आणली आणि मी तिच्यावर ताठ बसून, गुडघ्यांच्या मध्ये कढई असल्यासारखा वाकून, लांब दांड्याच्या पळीने तेल हलवू लागलो. खोबरेल, त्यात माक्याचा हिरवा रस, जास्वंदीच्या पाकळ्या, कुटलेली कापूरकचरी, वाळ्याची मुळं. तेल तडतडायला लागलं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"होईस्तवर."

"पण किती मिनिटं? तापमान किती?"

"ऐका," साळूबाई म्हणाल्या. "बोलतंय तवर त्यात पानी हाय. बोलायचं थांबलं की झालं. लगेच उतरवायचं. जरा जास्त ठेवलं की करपलं."

मी ऐकत बसलो. तडतड दाट होती, मग विरळ झाली. माझ्या मनात स्टँडवरची गाडी होती. खिडकीशी कोण, मांडीवर पिशवी, ड्रायव्हरचा चहा. साळूबाईंनी हाक मारली तेव्हा तेल केव्हाच गप्प झालं होतं.

"उतरवा, उतरवा!"

उतरवलं. काळं झालं होतं. वास तोच होता, कडेला जळका.

"चालंल," साळूबाई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला शकूचंबी करपलं व्हतं. रडली व्हती. म्हनली, आदीच त्यास्नी घरचं नको, त्यात हे असं."

घरी येऊन मी बाटलीचं लेबल पाण्यात भिजवलं आणि नखाने खरवडून काढलं. लांब केसांची बाई सगळ्यात शेवटी निघाली. मग तेल गाळून भरलं आणि फोन लावला. संध्याकाळचे पाच वाजले होते.

"जेवलात?" शकू म्हणाली.

"उमरठला गेलो होतो."

बाळ काहीतरी आपटत होतं. तिने ते दूर केलं असावं, कारण आवाज थांबला.

"काकी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. तेल केलं मी."

"तुम्ही?"

"खुर्चीवर बसून."

ती हसली नाही, पण श्वास सोडल्याचा आवाज आला. "माका ताजा होता का?"

"बांधावरचा. पण करपलं थोडं. ते थांबलं ते मला कळलं नाही."

"हं," शकू म्हणाली.

  तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या बोलण्याची वाट बघत होतो आणि ती बोलत नव्हती.

"गाडी दहा मिनिटं थांबली होती," शेवटी ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. "मी खिडकीशी होते. उतरून यावं असं वाटलं. मग वाटलं, घरी गेले की तुम्ही पाटावर बसाल."

"शिमग्याच्या दिवशी मी घरीच होतो. सुट्टी होती."

"माहीत आहे."

बाहेर शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता. आमचा बंद होता.

"कधी येतेस?" मी विचारलं.

"बाळाला भरवायचंय," शकू म्हणाली. मग, "करपलेलं आहे तर पुढे लावू नका, कपाळाला चट्टे येतील. मागे लावा." आणि मग बऱ्याच वेळाने, "पुढच्या रविवारी फोन करा. सकाळी. मोकळी असते मी."

"सकाळी किती वाजता?"

"करा हो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पडवीत गेलो, पाट टाकला आणि बसलो. बाटलीतून थोडं तेल तळहातावर घेतलं. पुढे नको, मागे लावा. हात मागे नेला. डोक्याच्या मागच्या बाजूला आपला हात पोचतो, पण जोर येत नाही, आणि कुठे लागलं, कुठे राहिलं हे कळत नाही. मी बराच वेळ चोळत राहिलो.