लाळ गाळते, घोटत नाही

तुमच्या पोटच्या पोराला कोणी शर्ट परत करावा तसे परत आणून टाकले, तर तुम्हाला कसे वाटेल? परवा एक माणूस आमच्या दारात आला. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात रुमाल, आणि तो रुमाल नाकाला लावलेला. साखळीच्या टोकाला माझा मुलगा. उंबऱ्यावरूनच म्हणाला, "हा बदलून द्या." पोराची आई समोर बसली आहे, तिच्याकडे निदान एकदा बघावे, एवढीही रीत त्याला नव्हती.

मित्रांनो, मी एक जुनी बॉक्सर कुत्री आहे. जुनी म्हणते, म्हातारी म्हणत नाही. म्हातारी मला डॉक्टर म्हणाले होते, आणि त्यांनाही मी एकदाच म्हणू दिले. माझे नाक चपटे, खालचा जबडा पुढे, गाल लोंबते. चेहरा पाहून लोकांना वाटते, ही कायम कोणावर तरी चिडलेली आहे. बहुतेक वेळा ते खरे असते.

माझे डोळेही उघडले नव्हते तेव्हा माझी शेपटी कापली. का, तर शोभा. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, असे माणसे म्हणतात. माझे वाकडे होते की सरळ, हे बघायला कोणी थांबलेच नाही. तेव्हापासून शोभा या शब्दाची मला किळस आहे.

मला वाढवले ती बाई कपडे शिवते. गल्ली तिला मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणते. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापायचे टेबल आणि चिंध्यांची टोपली, मागच्या खोलीत संसार. टेबलाखालची जागा माझी. मला शाळेतही घातले होते. 'बस' शिकले आणि आनंदाने मास्तरांच्या छातीवर दोन पाय ठेवून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मास्तर मला स्वतः घरी पोहोचवून गेले. तेवढ्या एका शब्दावर माझे आयुष्य निघाले.

तरुणपणी मी चालत नव्हते, उडतच होते. आमची जात लवकर शहाणी होत नाही. पण गिऱ्हाइकांची पोरे माझ्या पोटावर डोके टेकून झोपायची आणि त्यांच्या आया निवांत माप द्यायच्या. मावशी म्हणायची, "मशीन विकते आणि हिच्या जिवावर पाळणाघर काढते." माझे घोरणे त्या मशीनच्या वरताण आहे. माझ्या पोटातूनही एक गोष्ट सुटते, जिच्यासाठी मावशी खिडकी उघडी ठेवते. चारचौघांत मी तिचे नाव काढत नाही. एकदा कोणाच्या रेशमी कापडावर माझी लाळ सांडली. मावशीने कापड धुतले आणि टेबलाच्या पायाला एक फडके बांधले. ते आजही तिथे आहे. येता-जाता ती माझे तोंड पुसते आणि पुढची शिवण घालते. होय, लाळ मी गाळते. पण आयुष्यात कधी कोणापुढे घोटली नाही. ती कला माणसांची.

आता त्या माणसाकडे वळते. तो फरशीचा दुकानदार. त्याच्या दुकानातल्या नोकरांचे कपडे मावशीच शिवते. गेल्या वर्षी तो पँट आखूड करायला आला, तेव्हा माझी पिल्ले चिंध्यांच्या टोपलीत होती. एकाच्या अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून मावशी त्याला पट्टेवाला म्हणायची. फरशीवाला म्हणाला, "चेहरा कसला खुनशी आहे. दारात बांधला की शोभेल." पुन्हा तोच शब्द. मावशीला पिलांसाठी घरे हवी होती. पोरगा गेला.

तोच परवा परत आला. सोबत फरशीवाल्याची आई होती.

"काय झालं?" मावशीने विचारले.

"काय नाही झालं ते विचारा. पाहुण्यांच्या अंगावर उड्या, पांढऱ्या फरशीवर लाळ. शेवटी गच्चीवर बांधला, तर दार खाल्लं."

"उन्हात बांधला?"

"वर पत्रा आहे की."

मित्रांनो, आमचे नाक आखूड असते. धाप लागली की आवरत नाही. पत्र्याखाली भर दुपारी कोणी चपलासुद्धा ठेवू नयेत, आणि यांनी माझे लेकरू ठेवले होते. तो माझ्याजवळ येऊन आडवा झाला. अंगावरचे पट्टे दिसत होते, खालच्या बरगड्याही दिसत होत्या. मी त्याची साखळीने सोललेली मान चाटत बसले.

फरशीवाल्याची आई म्हणाली, "मी लेकीकडून आले, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तेव्हा कळलं मला. हा म्हणतो, लांब कुठेतरी सोडून येतो. म्हटलं, त्याच्या आईकडे सोड, नाहीतर मलाही तिकडेच सोड."

"आई, जरा गप्प बसशील?" मग त्याने मावशीने घरीच ठेवलेल्या माझ्या धाकट्या लेकीकडे बोट केले. ती कोपऱ्यात झोपली होती. "ही बघा कशी शांत आहे. हीच द्या, फिटंफाट."

शांत म्हणे. सकाळी मावशीबरोबर अख्खे मैदान नांगरून आली होती ती. एक पोर पत्र्याखालून सुटले, तर दुसरे तिथे निघाले. आणि मावशी मोठ्या गिऱ्हाइकाला सहसा मोडता घालत नाही.

मावशीने गळ्यातली टेप हातात घेतली. "या, तुमचं माप घेते."

"मला काही शिवायचं नाही."

"कुत्रा न्यायचाय ना? मग माप तुमचंच घ्यायला हवं. मागच्या वेळी राहून गेलं. दिवसा घरी कोण असतं?"

"कोण असणार? आम्ही दुकानात."

"रात्री ही कुठे झोपणार?"

"गच्ची आहे."

"धावायला कोण नेणार?"

"बघू एखादा नोकर."

"आणि लाळ कोण पुसणार?"

त्याने आईकडे पाहिले. "माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली, "तुझी पुसली तेवढी पुरे झाली."

मावशीने टेप गुंडाळली. "कमी पडतंय, दादा. सगळीकडून कमी पडतंय. एवढ्या कापडात कुत्रा बसत नाही."

"मग आमचे कपडे मी दुसरीकडे टाकीन."

"टाका. मापं लिहून देते. पोरं माझी इथेच राहतील, दोन्ही."

मित्रांनो, बॉक्सर घ्यायचा की नाही, हे पिल्लाचे तोंड बघून ठरवू नका. पिल्लू कोणाचेही गोडच दिसते. आपल्या घराकडे बघा. आम्हाला माणूस लागतो, दिवसभर, अगदी पायात पाय अडकेल इतका जवळ. सावली लागते, मैदान लागते, आणि एक फडके, जे धरताना तुमचे नाक मुरडणार नाही. एवढे नसेल तर लाजू नका, दुसरे कोणी पाळा. पण आम्हाला नेऊन बांधू नका.

फरशीवाला दारापर्यंत गेला आणि मागे वळून माझ्यापुढे वाकला. आवाजात साखर घालून म्हणाला, "काय गं म्हातारे, तू तरी समजाव तुझ्या मालकिणीला."

मी टेबलाखालून उठले. गाल झटकले. जे उडायचे ते त्याच्या बुटांवर उडाले. मग तोंड वर करून मी मोठ्याने बोलले. त्याला ते भुंकणे वाटले असेल. तुमच्यासाठी शब्द देते:

"फरशीवाल्या, तुला कुत्रा नकोच आहे. तुला चिनीमातीचा पुतळा हवा. तो लाळ गाळत नाही, घोरत नाही, उन्हात धापा टाकत नाही, आणि दुकानात बदलूनही मिळतो. इथे तुझी फक्त साखळी आहे. ती घे आणि नीघ."