तात्यांचं चोख माप

तीस वर्षं वजनकाट्यावर काढलेल्या तात्यांना आता टेकडीवर घोडागाडी स्वतः हाकायची हौस आली होती. घोडा कंबरेएवढाच. खडकाळ वाटेला चार चाकं जड, म्हणून त्यांनी दोन चाकांची गाडी निवडली. घोड्याला जादा ओझं नको म्हणून साज, पाण्याची बाटली, सगळं काट्यावर घातलं.

“आणि हाकणारा?” गाडीवाल्यानं विचारलं.

“साठ किलो,” तात्या ऐटीत म्हणाले.

“अहो, ते लग्नातलं!” बायको हसली. “चढा बघू.”

काटा ब्याण्णववर थांबला. काट्याशी हुज्जत घालणाऱ्यांना जन्मभर हसलेले तात्या आता स्वतःच काटा ठोकून पाहू लागले.

एवढं ओझं घोड्याला झेपणार नव्हतं, म्हणून पहिल्या फेरीला गाडीत बायको बसली. तात्या धापा टाकत शेजारून चालले. निदान माप तरी चोख झालं, असं त्यांनी घोड्याला सांगितलं.