रेघेपुढची जागा

१९६८ साली सर्वसामान्य वाचकांसाठीच्या ज्ञानकोशाचा चौथा खंड छापखान्यात होता आणि तिचे वडील रुग्णालयात. सकाळी मुद्रितं तपासायची, दुपारी उशाशी बसायचं, असा तिचा महिना चालला होता. डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मुद्रितांतल्या चुका मात्र नेमक्या दिसत.

वडील शेवाळांचे अभ्यासक. या खंडात त्यांच्यावर नऊ ओळी होत्या. हयात माणसाच्या जन्मसालापुढे आडवी रेघ आणि मोकळी जागा ठेवायची, अशी कोशाची रीत. तशीच ती त्यांच्या नावापुढेही होती.

शुक्रवारी छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांचे प्रमुख तिच्या टेबलाशी आले. त्यांना सगळे मामा म्हणत.

"ताई, उद्या बाबांचं पान मशीनवर चढतंय. एकदा छापलं की नवी आवृत्ती निघेपर्यंत वीस वर्षं तसंच राहणार."

"मग?"

"मग काय... डॉक्टर काय म्हणतात?"

"फार तर रविवार."

मामांनी उगाचच चष्मा पुसला. "संपादकसाहेब म्हणाले, घरच्या माणसानं ठरवावं."

तिनं पेन्सिल उचलली आणि रेघेपुढे १९६८ लिहिलं. आकडे छान वळणदार आले.

रविवारी वडिलांनी चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. तीन आठवड्यांत ते घरी आले. खंड तोवर बाजारात गेला होता. तिनं घरची प्रत कपड्यांच्या कपाटात, चादरींखाली ठेवली.

"चौथा अजून नाही आला?" ते रोज विचारत. "तुमचा छापखाना माझ्यापेक्षा आजारी दिसतोय!"

मग एके दिवशी एका कॉलेजातून शोकसंदेशाचं पत्र आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि नुसता हात पुढे केला. तिनं चादरींखालून खंड काढून दिला.

"हे साल कुणी घातलं?"

"मी."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून?"

"छापखान्यानं विचारलं म्हणून."

त्यांनी नऊच्या नऊ ओळी वाचल्या. "बाकी मजकूर चोख आहे," म्हणाले आणि खंड मिटला. कॉलेजला त्यांनी स्वतःच्या सहीनिशी आभाराचं पत्र पाठवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो किस्सा हसत सांगायचे. तिला मात्र, रुग्णालयात म्हणायचे तसं, पुन्हा कधी 'जरा जवळ बस' म्हणाले नाहीत. तीही आपणहून बसली नाही.

वडील आणखी अकरा वर्षं जगले. मामांची नजर गेली. त्यांची मुलगी त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवी, आणि छपाईची चूक आपण नुसती ऐकून ओळखतो, अशी फुशारकी ते मारत. संपादकसाहेब शेवटच्या खंडाआधीच गेले. ती निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली, पण मृत्यूचा दाखला पाहिल्याशिवाय तिनं कुणाचं साल भरलं नाही. १९८९ च्या आवृत्तीत वडिलांचं साल तिनंच बदलून १९७९ केलं. तेव्हाही रडू आलं नाही. ते मुद्रित मात्र तिनं तीनदा तपासलं.