राजे आणि खताचा ढीग

माझ्या चुलतभावाला घरात सगळे ‘राजे’ म्हणतात, आणि तो ते खरं मानतो. शाळेच्या सायकल संघात एकच जागा उरली होती. निवडीच्या दिवशी सकाळी बघते तर माझ्या दोन्ही चाकांची हवा गेलेली, पंप गायब! आणि तिकडे हे महाशय खेळाच्या सरांना सांगताहेत, "ती? ती रजईत गुरगुटलीय. एवढ्या गारठ्यात कुठली येतेय!" जागा त्याला मिळाली. पंप मला त्याच्याच पलंगाखाली सापडला.

मी रडले नाही. पंप सरांपुढे नेऊन ठेवला. "आमची दोघांची पुन्हा शर्यत घ्या. रस्ता मी निवडणार."

"निवड गं बाई," राजे हसले, "चंद्रावरचा निवड!"

मी शाळेमागचा उतार निवडला. खाली फाटक, आत विटांची रेघ. आधी पोहोचून रेघेच्या अलीकडे थांबेल तो जिंकला. रेघ ओलांडली की बाद. पलीकडे माळीकाकांचा शेणखताचा ढीग, भर थंडीतही वाफाळणारा.

शर्यतीच्या दिवशी अवकाळी पाऊस बारीकच होता, पण बोटं हँडलवर पार बधिर झालेली. भिजलेल्या चाकाला ब्रेक लगेच धरत नाही; आधी हलकेच घासत राहून पाणी काढावं लागतं. गेल्या पावसाळ्यात दोन्ही गुडघे फोडून घेतले तेव्हा मला हे कळलं. राजे पाऊस असला की काकांच्या गाडीतून येतात. त्यांना कुठून कळणार?

उतार लागला तशी मी ब्रेक हलके दाबत राहिले. कुईं, कुईं.

"आत्ताच ब्रेक? घाबरट कुठली!" राजे शेजारून सुसाट गेले.

"व्हा पुढे, महाराज!"

फाटकाशी त्याने ब्रेक आवळला. सायकल ऐकेचना.

"अगं, थांबत नाहीये गं!"

विटा उडाल्या आणि राजे छातीपर्यंत ढिगात! मी रेघेच्या वीतभर अलीकडे पाय टेकला आणि पोट धरधरून हसले.

"लागलं का रे?" सरांनी विचारलं.

"नाही," तो थुंकत म्हणाला.

सरांनी छत्री तोंडासमोर धरली. छत्री हलत होती. मला थोडं वाईट वाटायला हवं होतं. छे, अजिबात नाही वाटलं.

संध्याकाळी काकू नाक मुरडत त्याचा स्वेटर तिसऱ्यांदा पिळत होत्या. मी त्याच्या दाराशी पंप ठेवला.

"राजे, संघात मी आहे. उद्या सराव. दोन्ही चाकं टणक पाहिजेत."

त्याने धाडकन दार लावलं. पण सकाळी मला जाग आली ती बाहेरच्या पंपाच्या आवाजाने. फुस्स, फुस्स. मी मुद्दाम आणखी थोडा वेळ रजईत गुरगुटून पडले.